एका गाडीचे चार माग

गाडी वाळूतून गेली की मागे दोन रेघा उरतात. पुढच्या चाकांनी दाबलेल्या वाटेवरूनच मागची चाकं जातात, म्हणून चाकं चार असली तरी माग दोन. इतकी साधी गोष्ट, की कुणी ती मुद्दाम पाहत नाही. मी ज्या गाडीवर शिरगाव-सातपाटीच्या वाळूत बरीच वर्षं काढली, ती सुरुवातीचे दोन महिने चार माग उमटवायची. दोन बाहेरचे, आणि त्यांना लागून पाच-सहा बोटं आत दोन अरुंद. मध्ये करंगळीएवढा वाळूचा बांध. परका माणूस म्हणाला असता, इथून दोन गाड्या गेल्या, एकीच्या पोटातून दुसरी.

आतली गाडी कुणाची, हे मला ठाऊक होतं. मला आणि मिस्त्रींना. तिसऱ्या माणसाला सांगायचं नाही असं आमचं ठरलं होतं, आणि नेमकं त्या तिसऱ्या माणसालाच ते सांगायला हवं होतं.

मी बुलढाण्याकडचा. शाळा पाचवीत सुटली. बोईसरला उतरलो तेव्हा चोविशीचा होतो आणि समुद्र हा प्रकार मी कधी पाहिलेला नव्हता. तारापूरला वीजघराचं मोठं बांधकाम चाललं होतं, हाताला काम मिळतं असं ऐकून आलो, आणि चार दिवस कुणी विचारलं नाही. पाचव्या दिवशी स्टेशनबाहेर एका जीपवाल्याने पाणी दिलं. ठेकेदाराची जीप चालवायचा, सातपाटीच्या कोळी घरातला. माझ्याहून पाचसहा वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणायला लागलो. म्हणाला, "काय येतो तुला?"

"वेल्डिंग थोडं येतं. इंजिन खोलता येतं."

"समुद्र येतो काय?"

"नाही."

"मंग बरा हाय. आमाला समुद्रच येतो, दुसरा काय नाय. बस."

त्याने मला एका मिस्त्रींच्या गॅरेजात नेऊन उभं केलं, आणि सालवडला आपल्या खोलीत अर्धी जागा दिली. आज माझं जे काही आहे ते त्या एका "बस"वर उभं आहे. हे मी उगाच मोठं करून सांगत नाही. त्या दिवशी मी परतीच्या गाडीत चढणार होतो.

दादाचे वडील होडीवरून परत आले नव्हते, म्हणून आईने याला समुद्रावर जाऊ दिलं नाही. हा जीप चालवायला शिकला. शनिवारी घरी जाताना शिरगावच्या बाजूने वाळूवरून जीप काढायचा. बांधकामावर कुठल्याशा लोखंडी गजावर चढून त्याच्या पुढच्या उजव्या टायरच्या नक्षीतली एक रबरी गोटी उखडली होती. त्यामुळे चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला वाळूत नक्षी तुटायची आणि बोटभर लांबीची सपाट जागा उमटायची. तो म्हणायचा, "तू पाचवी शिकला, मी दुसरी. ही माझी सही." त्याच्या आईला अक्षर येत नव्हतं, पण ही सही वाचता यायची. बाजारातून परत येताना ती वाळूकडे बघायची आणि पोरगा घरी येऊन गेला की अजून यायचा आहे ते ओळखायची.

भाद्रपदातल्या अवसेच्या उधाणात दादा खाडीत गेला. ओहोटीला ठेकेदाराच्या मोजणीच्या काठ्या आणायला एकटाच उतरला होता. जन्मापासून ज्या चिखलाची नस ठाऊक, त्या चिखलात जीप रुतली आणि वर पाणी आलं. चार दिवसांनी जीप मिळाली, नाकापर्यंत गाळात. तो मिळाला नाही.

जो मिळत नाही त्याचं दहावं-तेरावं होत नाही, होतं ते दर्भाच्या पुतळ्याचं. दादाचे काका ते करायला तयार होते. आई तयार नव्हती. तिचं म्हणणं एवढंच होतं: मला कुणी दाखवावं, की तो गेला. कपाळाचं पुसायला तिच्याकडे काही उरलं नव्हतं, पण घरात दादाचं ताट रोज वाढलं जायचं आणि संध्याकाळी मांजराला जायचं. काका म्हणायचे, ही अशी सहा महिने राहिली तर हिचं डोकं जाईल. मी दिवाळीत भेटायला गेलो तेव्हा तिने मला त्याच ताटात जेवायला बसवलं. मी ताटात काही उरू दिलं नाही.

दिवाळीनंतर गॅरेजात ती गाडी आली. परदेशी साहेबाची झोपायची गाडी. आत घडीचा पलंग, लाकडी कपाटं, हात धुवायला छोटं भांडं, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे. साहेब मायदेशी परतला आणि पालघरच्या एका डॉक्टरीणबाईंनी गाडी घेतली. सुरूच्या बनापलीकडे ज्या वाड्यांना रस्ता नाही तिथे त्यांना दवाखाना न्यायचा होता. पलंगावर पेशंट, कपाटात औषधं, सगळं आयतं. पण गाडी मागच्या दोन चाकांवर ओढणारी, वाळूत उतरली की पोटावर बसायची.

बाई म्हणाल्या, "मिस्त्री, जीपसारखी चारही चाकं ओढतील असं करता येईल का?"

मिस्त्री म्हणाले, "बाई, जीपसारखं करायचं तर जीपच लागेल."

आठवड्याने हातगाडीवरून सामान आलं. जीपचा पुढचा ॲक्सल, चाकांसकट. पुढच्या चाकांना ताकद वाटून देणारा छोटा गिअरबॉक्स, त्याची दांडी. सगळं राखाडी गाळाने माखलेलं. मी घासायला घेतलं, आणि स्टिअरिंगच्या आडव्या रॉडला हात लागला तिथे थांबलो. रॉडला जाळ्याचा दोर गुंडाळलेला होता, कोळ्यांच्या गाठीने. तो रॉड खडखड वाजायचा म्हणून दादाने माझ्यासमोर सालवडला बांधला होता. मग मी उजवं चाक फिरवून पाहिलं. एक गोटी नव्हती.

मिस्त्री मागे उभे होते. म्हणाले, "ओळखलंस. भंगारात निघाली जीप, मी उचलली. चांगलं लोखंड आहे, बॅरिस्टर. लोखंडाला काय माहीत." पाचवी शिकलो म्हणून ते मला बॅरिस्टर म्हणायचे.

"त्याच्या आईला..."

"त्याच्या आईला काय सांगशील? तुमच्या मुलाची हाडं डॉक्टरच्या गाडीला लावतोय? गप बस. वर्षभरात तुझं घर इथे आणायचं ना तुला?"

घर म्हणजे माझी बायको. मी गप बसलो. मी मुळात भित्रा माणूस. मला घाबरवायला फार काही लागत नाही.

ॲक्सलच्या नळीचं झाकण खोललं तेव्हा आतून पाणी आलं. दोन महिन्यांचं पाणी, खाडीच्या वासाचं, थंड. त्याच्यासोबत नखाएवढा एक खेकडा बाहेर पडला आणि जिवंत होता. कुठून आत गेला, काय खाऊन राहिला, कोण जाणे. तो फरशीवरून तिरका चालत दाराबाहेर गेला. आम्ही दोघांनी त्याला जाऊ दिलं. रॉकेलने तीनदा धुतलं, ग्रीस भरलं, बेअरिंगं नवी घातली. वास गेला नाही. पुढे बाई डेटॉल शिंपडायच्या आणि डेटॉलखाली तो वास असायचाच.

कामाला दीड महिना लागला. गाडीचा पुढचा भाग उचलून जीपच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर बसवला. मिस्त्री पुस्तक न बघता काम करणारे. पुढची आणि मागची चाकं एका वेगाने फिरली नाहीत तर गाडी स्वतःशीच भांडेल, म्हणून त्यांनी चाकांवर खडूच्या खुणा केल्या, मधला शाफ्ट हाताने फिरवत राहिले आणि मी फेरे मोजत राहिलो. दुसरे कुठलेही टायर लावले की हिशोब चुकायचा. जीपचेच टायर लावले तर जमायचा. नटांची भोकंही जीपच्याच चाकांना जुळत होती. म्हणून तो तुटक्या गोटीचा टायर पुढे उजवीकडे, जिथे होता तिथेच राहिला.

पहिल्या दिवशी मीच चालवली, आणि बाईंनी पुढे मलाच गाडीवर ठेवलं. शिरगावला किल्ल्याच्या अंगाने वाळूत उतरलो, छोटी दांडी ओढली, आणि खालून खट्ट असा आवाज आला. गाडी पुढून कुणी हात धरून न्यावं तशी निघाली. बाई खूश. मी आरशात पाहिलं तर मागे चार माग होते. जीपचा ॲक्सल आखूड, गाडीची मागची बाजू रुंद, म्हणून मागची चाकं पुढच्यांच्या मागावर पडत नव्हती. पुढच्यांनी उमटवलेलं काही पुसलं जात नव्हतं. आतल्या उजव्या मागात ठराविक अंतरावर सपाट जागा होती. सही, सही, सही, थेट सुरूच्या बनापर्यंत.

तिसऱ्या फेरीला दादाची आई भेटली. मी तिला मावशी म्हणायचो. सातपाटीच्या अलीकडे वाळूत काठ्यांवर बोंबील वाळत घातले होते, त्यांच्यात ती उभी. मी हात केला. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, गाडीच्या मागे पाहिलं. मग वाकली आणि वाळूला हात लावला.

पुढच्या फेरीला मागाच्या कडेला शिंपले होते. प्रत्येक सपाट जागेशी एक पांढरा शिंपला, उपडा. दहा-बारा नाही, दिसेल तिथपर्यंत. भरती ते घेऊन जायची आणि पुढच्या वेळी पुन्हा मांडलेले असायचे. वाऱ्याने काठ्यांवरचे बोंबील हलायचे, वाळलेल्या शेंगांसारखा त्यांचा आवाज यायचा, आणि त्या रांगेला लागून मी दुपारच्या उन्हात शिंपले चुकवत गाडी काढायचो. बाईंना वाटलं, पोरांचा खेळ आहे.

काका एकदा गाडीपाशी आले. दात दुखतोय म्हणून आले होते, पण गोळी खिशात टाकून माझ्याजवळ उभे राहिले. "येत्या अवसेचा भटजी ठरवला हाय मी. तर ही बोलते, माग येतात तोवर नाय. बोलते, पोरगा पुढं चालतो आनि गाडी त्याच्या मागून येते. तू त्याच्या खोलीवरचा. तुला काय दिसतो पुढं?"

"काही नाही काका."

"नाय ना? मंग तिला सांग की." आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

मी हो म्हणालो आणि सांगितलं नाही. सांगायला गेलो की जिभेवर दोन गोष्टी यायच्या: तुमचा मुलगा गेला, आणि त्याचं लोखंड मी घासून पुसून चालवतोय. पहिली सांगायची तर दुसरी सांगावी लागणार. दुसरी सांगितली तर ते ताट, ते घर, तो माझ्या डोक्यावरचा हात. सगळं जाणार. शिवाय मिस्त्री. शिवाय बायकोला लिहिलेलं पत्र, की चैत्रात येतो न्यायला. मी रोज स्वतःला सांगायचो, पुढच्या फेरीला. आणि ते ताट अजून रोज वाढलं जात होतं.

तेवढ्यात गाडी रुतायला लागली. बन ओलांडलं की मऊ वाळूत मागची चाकं खड्डा खणायची. मिस्त्री एकदा सोबत आले, उतरून चार मागांकडे बघत बसले आणि म्हणाले, "पुढची वाट करून देतात, पण मागची त्या वाटेने जात नाहीत. बाजूची कोरी वाळू खणतात. रिमच्या मधल्या तबकड्या कापून उलट्या वेल्ड करू. पुढची चाकं बाहेर येतील. माग एकावर एक पडले पाहिजेत."

गाडी ठोकळ्यांवर चढली, पुढची चाकं काढून भिंतीला टेकवली. मला सुटल्यासारखं झालं. आता सही पुढच्या चाकाने उमटेल आणि लगेच मागच्या चाकाने पुसली जाईल. कुणाला काही सांगायला नको.

तिसऱ्या दिवशी सकाळी सातपाटीची एक मासेवाली बोईसरच्या बाजारात भेटली. म्हणाली, "तुज्या त्या मावशीने सांगितलाय, आज पन माग आला."

मी म्हणालो, "गाडी परवापासून गॅरेजात आहे."

"ते मी तिला बोलली. ती बोलते, त्याला सांग, तरी आला."

मी गॅरेजात परत आलो. उजवं चाक भिंतीशी होतं तसं होतं. गोटी तुटलेल्या खाचेत वाळू होती. मी बोट लावलं, तर मला ती ओली वाटली. दोन दिवस सावलीत पडलेलं चाक. मिस्त्रींना न सांगता मी मिळेल त्या गाडीने सातपाटीला गेलो.

मावशी बोंबलांपाशीच होती. हाताने दाखवलं. सुरूच्या सावलीच्या कडेने माग होते. बाहेरचे वाऱ्याने बुजत आलेले, आतले दोन मात्र स्वच्छ, आणि उजव्यात सही, शिंपला, सही, शिंपला. ते खाडीच्या तोंडाकडे गेले होते. परतीचे दिसत नव्हते. ऊन चढलेलं, माणसं कामाला लागलेली, जवळच एक बाई पोराला नावं ठेवत होती. मी वाळूत बसलो.

"मावशी, ती गाडी आहे. डॉक्टरबाईंची. तिला पुढून दादाच्या जीपचा ॲक्सल आहे. चाकंही त्याचीच. मीच बसवलीत. दोन महिने झाले. दादा पुढे चालत नाही मावशी. पुढे त्याची चाकं आहेत फक्त." आणि मग जे कुणीच तिला बोललं नव्हतं ते माझ्या तोंडून निघालं. "दादा गेला."

ती बोंबील उलटत होती ते उलटत राहिली. एक काठी पुरी झाली.

"आज तिथ काय?" म्हणाली.

"मला नाही ठाऊक."

"अष्टमी. भांगाचा पानी हाय. भांगाची भरती वर येत नाय, वरचे माग चार-चार दिस राहतात. परवाचे हायेत ते. परतीचे तू खालच्या वाळूतून आनलेस, ते पानी घेऊन गेला. आतले मी हातानं साफ केले." मग माझ्याकडे बघून, "कोळ्याची हाय मी. मला पानी कळत नाय काय?"

मी वाकून आतला माग पुन्हा पाहिला.

"पयल्या दिवशीच वळखला मी टायर. बोलली, त्याच्या खोलीवरचा पोरगा गाडीवर हाय, हा येल सांगायला. तू हात करून पुढं. मंग शिंपले मांडले, बोलली, आता तरी इचारेल. तू ते चुकवून गाडी काढायचा." ती हसली की काय, मला नीट कळलं नाही. "सगळे मला बोलतात, मान की गेला, मान की गेला. ज्याच्या हातात त्याची वस्तू हाय त्यानं बोलायला पायजे ना. काका तुला इचारून गेले, तरी तू मुका."

"मी भ्यालो मावशी."

"ते दिसला. जेवला काय?"

मी नाही म्हणालो. तिने घरी नेऊन जेवायला वाढलं. ताट दुसरं होतं. दादाचं ताट भिंतीशी उभं करून ठेवलेलं होतं, घासून.

जेवताना म्हणाली, "भटजीला सांगते मी. पन एक फेरी मला ने. चाकं कापायच्या आधी."

मिस्त्री रागावतील म्हणून मी तयारी करून गेलो होतो. सगळं ऐकून त्यांनी नुसता पाना खाली ठेवला. म्हणाले, "चाकं चढव. एक फेरी. मग कापतो." मग पाना उचलत म्हणाले, "मी येत नाही. मला तिच्याकडे बघवणार नाही."

अवसेच्या आदल्या दिवशी, ओहोटीला, मावशी माझ्या शेजारी बसली. नेसूचं धुवट लुगडं, मांडीवर नारळ. गाडीतला वास तिला आला असणार. तिने खिडकी उघडली नाही. मी दांडी ओढली, खट्ट झालं, गाडी निघाली. खाडीच्या तोंडापर्यंत ती समोर बघत होती, आणि मीही समोर बघत होतो, कारण बाजूला बघायची मला हिंमत नव्हती. पुढे कुणी नव्हतं. नव्हतं हे मी शपथेवर सांगेन. पण गाडी इतकी हलकी त्या दिवशी का चालली ते मला सांगता यायचं नाही.

खाडीशी उतरून तिने नारळ पाण्यात सोडला. मी रॉडचा दोर सोडवून खिशात आणला होता, तो तिच्या हातात दिला. तिने गाठ पाहिली. "बापाची गाठ हाय ही. मीच शिकवली त्याला," म्हणाली, आणि दोर कमरेला खोचला. पाण्यात टाकला नाही.

परत बसल्यावर तिने त्या छोट्या दांडीवर हात ठेवला. "हीनं तो वढतो ना? सोड आता. बस झाला त्याला."

"मावशी, पुढची ओढ सोडली तर मऊ वाळूत रुतू. पाणी भरायला लागलंय."

"सोड."

मी सोडली. मागच्या दोन चाकांवर, ज्या वाळूत ही गाडी दर खेपेला पोटावर बसली, त्या वाळूतून आम्ही आलो. न थांबता. तिला दारात उतरवून मी एकटा चालत मागे गेलो, नुसता बघायला. जातानाच्या मागात सही होती, प्रत्येक फेऱ्याला. येतानाचे माग ओल्या वाळूत होते, नक्षी ताज्या छापासारखी उठलेली. चारही माग होते. मी दोनशे पावलं तरी वाकून चाललो असेन. आतल्या उजव्या मागात नक्षी कुठेच तुटलेली नव्हती. मग पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी गॅरेजात मी टायर पाहिला. खाच तशीच होती, गोटी नव्हतीच. मिस्त्रींना मी काही बोललो नाही. त्यांनी रिम कापली, मी वेल्ड केली. त्याच दिवशी सातपाटीला दर्भाचा पुतळा झाला आणि मी संध्याकाळी जेवायला गेलो.

चैत्रात बायको आली. मावशीने तिला मासे साफ करायला शिकवलं आणि माझ्यावरून चिडवायलाही. गाडी पुढे कधी रुतली नाही. माग दोनच पडायचे, एकावर एक. तरी वाळूतून गेलो की मी गाडी थांबवून उतरायचो. बाई विचारायच्या, काय बघतोस? मी म्हणायचो, टायर.